विनवणी आणि ठेका : एका डिस्को गाण्याचे तीन अवतार

१

‘डिस्को’ हा शब्द मराठीत आला तो चमचमत्या कपड्यांसकट. ‘कुर्बानी’ (१९८०) या चित्रपटात किशोरवयीन नाझिया हसनने गायिलेले गाणे, त्यामागे बंगळुरूत जन्मलेले आणि लंडनमध्ये नाव कमावलेले संगीतकार बिद्दू, मग ‘डिस्को डान्सर’मधले (१९८२) मिथुन चक्रवर्ती आणि बप्पी लाहिरी, आणि नंतर नवरात्रात मुंबईच्या मैदानांवर रंगलेला डिस्को दांडिया. आपल्याकडच्या बहुतेकांची या प्रकाराशी ओळख झाली ती याच वाटेने. त्यामुळे डिस्को म्हणजे झगमगाट, उथळपणा आणि चार दिवसांची हौस, असे समीकरण आपल्या मनात पक्के बसले. समीक्षेने त्याची दखल घ्यावी असे कुणाला वाटले नाही, यात नवल नाही.

पण एक साधा प्रश्न उरतोच. हौस चार दिवसांची असेल, तर सत्तरच्या दशकात फिलाडेल्फिया आणि न्यू यॉर्कमध्ये घडलेली ही गाणी पन्नास वर्षांनंतरही लग्नसमारंभांत, नाचघरांत आणि नव्या गाण्यांच्या पोटात का वाजत असतात? ‘स्मरणरंजन’ हे तयार उत्तर पुरेसे नाही. ज्यांचा जन्मही तेव्हा झाला नव्हता, तेही त्या गाण्यांवर पाय धरतात. ‘नाचायला सोपी असतात म्हणून’ हे उत्तरही तोकडे पडते. नाचायला सोपी अशी शेकडो गाणी त्याच काळात निघाली आणि विरून गेली.

टिकली ती मुख्यत्वे एका कुळातली गाणी. कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या सोल संगीतातून निघालेली, चर्चमध्ये तयार झालेल्या आवाजांनी गायिलेली. या लेखात मी त्या कुळातले एकच गाणे घेतो : ‘डोन्ट लीव्ह मी धिस वे’. मला असं सोडून जाऊ नकोस, एवढाच त्याचा आशय. १९७५, १९७६ आणि १९८६ अशा तीन वेळा ते तीन वेगवेगळ्या आवाजांत ध्वनिमुद्रित झाले, आणि प्रत्येक वेळी त्या विनवणीचा अर्थ बदलला. माझे म्हणणे असे की, या संगीताची ताकद आनंदात नाही, आणि दुःखातही नाही. एकट्या माणसाची विनवणी न थांबणाऱ्या ठेक्यावर ठेवली की ती एकट्याची राहत नाही, या रचनेत ती आहे.

२

आधी ठेक्याविषयी. केनेथ गॅम्बल आणि लिऑन हफ या गीतकार-निर्मात्यांनी १९७१ मध्ये ‘फिलाडेल्फिया इंटरनॅशनल रेकॉर्ड्स’ ही कंपनी काढली. त्यांची ध्वनिमुद्रणे जो टार्सिया यांच्या ‘सिग्मा साउंड’ स्टुडिओत होत. तिथे तीसहून अधिक वादकांचा एक कायमचा ताफा असे : व्हायोलिन, तुताऱ्या, व्हायब्राफोन, गिटार, ऑर्गन. ‘एमएफएसबी’ या नावाने तो ओळखला जाई. सोलचा खरबरीत, घामेजलेला आवाज आणि मैफलीला शोभेल असा सुरेल वाद्यमेळ यांची गाठ इथे पडली.

१९७३ मध्ये हॅरल्ड मेल्विन अँड द ब्लू नोट्स या गटाचे ‘द लव्ह आय लॉस्ट’ हे गाणे याच स्टुडिओत मुद्रित होत होते. नावावरूनच कळेल की हे गमावलेल्या प्रेमाचे गाणे, आणि ते मुळात संथ गाणे म्हणूनच योजलेले होते. ड्रमवादक अर्ल यंग यांनी त्याला वेगळाच ठेका दिला. मोठ्या ड्रमचा ठोका प्रत्येक मात्रेवर, न चुकता. आणि दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत हाय-हॅट उघडायची. हाय-हॅट म्हणजे पायाने उघडझाप होणारी झांजेची जोडी. ती उघडी असताना वाजवली की ‘त्स्स’ असा एक लांबट फूत्कार निघतो. ठोका खाली नेतो, फूत्कार वर उचलतो. पुढे जगभर डिस्कोची खूण मानला गेलेला ठेका अनेक अभ्यासक या गाण्यापर्यंत मागे नेतात.

म्हणजे हा ठेका जन्मला तोच एका शोकगीताच्या पायात. मला ही गोष्ट निव्वळ योगायोगाची वाटत नाही. गाणे संथच राहिले असते, तर ऐकणारा खुर्चीत बसून हळहळला असता. ठेका आल्यावर गायकाचे दुःख तसेच राहिले, पण ऐकणाऱ्याला उठावे लागले.

यंगसारखा वादक तो ठेका हाताने आणि पायाने वाजवत होता, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. सहा-सहा मिनिटे एकच ठेका धरताना माणूस घड्याळासारखा काटेकोर राहत नाही. कडव्यात तो किंचित दबून वाजवतो, ध्रुवपद येताना अंगात येते. ही श्वासाइतकी बारीक उघडझाप कानाला वेगळी दिसत नाही, पण शरीराला जाणवते. नंतरच्या यांत्रिक डिस्कोत नेमकी तीच नाहीशी झाली.

३

आता आवाज. ‘द लव्ह आय लॉस्ट’ आणि १९७५ च्या ‘वेक अप एव्हरीबडी’ या अल्बममधले मूळ ‘डोन्ट लीव्ह मी धिस वे’ ही दोन्ही गाणी टेडी पेंडरग्रास यांनी गायिली आहेत. (गाणे गॅम्बल, हफ आणि कॅरी गिल्बर्ट यांचे.) पेंडरग्रास फिलाडेल्फियाचेच. लहानपणीच त्यांना चर्चमध्ये धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली होती, आणि ब्लू नोट्समध्ये ते आले ते गायक म्हणून नव्हे, ड्रमवादक म्हणून. ठेका आणि उपदेश, दोन्ही त्यांच्या अंगात होते.

मूळ गाण्यात कडवी खालच्या पट्टीत, आवरून धरलेली आहेत. बोलणारा माणूस स्वतःला सावरतो आहे असे वाटते. मग चाल पायरीपायरीने चढते, आणि ध्रुवपदाशी आवाज एकदम फुटतो. मागणे तेच आहे : जाऊ नकोस, तुझ्यावाचून मी तगणार नाही. पण मागण्याची रीत पालटलेली आहे. कडव्यातला माणूस हतबल आहे. ध्रुवपदातला माणूस विनवणीच करत असला तरी त्याचा आवाज हतबलाचा नाही. शब्द खाली वाकलेले आणि सूर ताठ उभा, असा हा विरोध आहे. गाण्यात आग आहे ती जीवात पेटलेली, आणि ज्याने ती पेटवली त्यानेच येऊन ती शमवावी, अशी मागणी आहे.

चर्चमधले गॉस्पेल ज्याने ऐकले असेल, त्याला ही भाषा ओळखीची वाटेल. तिथे आत्म्यात पेटलेली आग देवाची असते. सोल संगीताने पन्नास-साठच्या दशकांत केले ते हेच : देवाला घातलेली साद प्रियकराकडे वळवली, सूर आणि आवेग तसाच ठेवला. मराठी वाचकाला यात अवघड काही नाही. ज्ञानेश्वरांच्या विरहिणींमध्ये प्रवास उलट दिशेने होतो. तिथे प्रेयसीची तळमळ विठ्ठलाकडे वळते. पण दोन्हीकडे एक गोष्ट समान आहे. ज्याला हाक मारली जाते तो समोर नाही, आणि त्याच्या नसण्यामुळेच हाकेला धार येते.

गॉस्पेलने आणखी एक गोष्ट दिली, ती रचनेची. प्रार्थना रंगात आली की गाण्याचे शेवटचे वाक्य समूह पुनःपुन्हा घोळवत राहतो आणि मुख्य गायक त्यावर मोकळा सुटतो : ओरडतो, पुटपुटतो, शब्द मोडून टाकतो. कीर्तनात गजर वाढत जातो तसे. हा भाग किती वेळ चालेल हे घड्याळावर ठरत नाही, समोरच्या मंडळींवर ठरते. पेंडरग्रास यांच्या गाण्याचा उत्तरार्ध असाच आहे. मात्र तो तबकडीवर होता, आणि तबकडीला मर्यादा होती.

४

ती मर्यादा मोडली न्यू यॉर्कने. १९७० च्या व्हॅलेंटाइन दिनाच्या रात्री डेव्हिड मॅन्क्युसो यांनी ब्रॉडवेवरच्या आपल्या राहत्या जागेत एक मेजवानी दिली. अनाथाश्रमात वाढलेल्या या माणसाच्या घरच्या मेजवान्या पुढे ‘द लॉफ्ट’ म्हणून प्रसिद्ध झाल्या. तिथे दारू विकली जात नसे; आमंत्रण असलेल्यांनाच प्रवेश असे; येणारे कृष्णवर्णीय, लॅटिनो, गोरे, आणि त्यांत समलिंगी स्त्रीपुरुष मोठ्या संख्येने. आदल्या वर्षीच, जून १९६९ मध्ये, स्टोनवॉल बारवरच्या पोलीस धाडीविरुद्ध उठाव झाला होता. एकमेकांना धरून नाचायला सुरक्षित जागा असणे ही या मंडळींच्या दृष्टीने चैन नव्हती. टिम लॉरेन्स यांनी ‘लव्ह सेव्ह्ज द डे’ (२००३) या ग्रंथात हा सगळा इतिहास तपशिलाने मांडला आहे.

अशा जागी तीन मिनिटांचे गाणे अपुरे पडते. टॉम मोल्टन यांनी फायर आयलंडवर पाहिले की नाचणारे रंगात येतात न येतात तोच गाणे संपते आणि माणसे पांगतात. त्यांनी ध्वनिफीत कापून, जोडून गाणी लांबवायला सुरुवात केली. याच खटपटीतून बारा इंची सिंगल आली. विक्रीसाठी निघालेली अशी पहिली तबकडी म्हणजे १९७६ चे, वॉल्टर गिबन्स यांनी लांबवलेले ‘टेन परसेंट’. मोल्टन यांनी १९७७ मध्ये ‘फिलाडेल्फिया क्लासिक्स’ या संग्रहासाठी पेंडरग्रास यांचे ‘डोन्ट लीव्ह मी धिस वे’ सुमारे अकरा मिनिटांचे केले.

या लांबवण्याकडे पुष्कळदा धंदेवाईक क्लृप्ती म्हणून पाहिले जाते. मला त्यात चर्चमधला तो मोकळा उत्तरार्ध परत आलेला दिसतो. चर्चमध्ये समूह ठरवी की आता पुरे. इथे नाचणारे ठरवतात. वाद्ये एकेक करून गळतात, नुसता ठेका उरतो, मग बेस गिटार परतते, मग व्हायोलिने, आणि शेवटी आवाज. सगळे जाऊन परत येते. ‘सोडून जाऊ नकोस’ असे म्हणणाऱ्या गाण्यात ही क्रिया काय करत असेल, ते वेगळे सांगायला नको.

दरम्यान, दुसरा अवतार आला होता. १९७६ मध्ये मोटाऊन कंपनीसाठी निर्माते हॅल डेव्हिस यांनी तेच गाणे थेल्मा ह्यूस्टन यांच्याकडून गाऊन घेतले. ह्यूस्टनही गॉस्पेलमधूनच आलेल्या. आधी त्या आर्ट रेनॉल्ड्स सिंगर्स या भजनी गटात गात. त्यांचे गाणे एप्रिल १९७७ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले आणि त्यासाठी त्यांना ग्रॅमीही मिळाले.

पेंडरग्रास कडव्यात आवरतात. ह्यूस्टन जवळजवळ कुजबुजतात. त्यामुळे ध्रुवपदाची उडी आणखी उंच होते. पुरुषाच्या तोंडी ही विनवणी म्हणजे ताठ माणसाचे मोडणे होते. स्त्रीच्या तोंडी ती केविलवाणी होण्याचा धोका होता. ह्यूस्टन तो टाळतात, कारण त्यांच्या आवाजात आर्जवाइतकाच हक्क आहे. तू हे सुरू केलेस, आता निस्तर, असा त्याचा रोख. हा बदल शक्य झाला याचे एक कारण भाषिक आहे. ज्याची विनवणी चालली आहे ती व्यक्ती पुरुष की स्त्री, हे गाणे सांगत नाही. ध्रुवपदात आहेत फक्त ‘मी’ आणि ‘तू’. मराठीत ‘मी जळतो’ की ‘मी जळते’ हे ठरवावेच लागते. इंग्रजीने ती जागा मोकळी सोडली आणि ज्याला जसे हवे तसे त्याने तिच्यात शिरावे, अशी सोय झाली. नाचघरात जमलेल्यांना ही सोय फार मोलाची होती.

५

आता विरुद्ध बाजू. डिस्कोवरचे सगळेच आक्षेप पूर्वग्रहातून आलेले नव्हते. १९७७ च्या अखेरीस ‘सॅटर्डे नाइट फीव्हर’ हा चित्रपट आला आणि कंपन्यांनी हाती लागेल त्यावर तो ठेका चढवला. ज्या लेखावर तो चित्रपट बेतला होता, त्यातला बराचसा भाग आपण रचला होता, हे लेखक निक कोन यांनी नंतर मान्य केले. म्हणजे जगाने डिस्को म्हणून पाहिला तो चेहरा बऱ्याच अंशी बनावट होता. त्या लाटेतल्या असंख्य तबकड्यांत ठेका आहे, पण विनवणारे कुणी नाही. त्या आज कुणाला आठवत नाहीत, आणि आठवू नयेत. ठेका एकटा पुरत नाही, याचा याहून चांगला पुरावा नाही.

परंतु १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्कवर जे घडले, ते रसिकतेच्या नावाखाली खपवता येणार नाही. डिस्कोची तबकडी आणणाऱ्याला ९८ सेंटांत बेसबॉलच्या सामन्याला प्रवेश, आणि दोन सामन्यांच्या मध्ये रेडिओ निवेदक स्टीव्ह डाल यांच्या हस्ते त्या तबकड्या स्फोटाने उडवायच्या, अशी योजना होती. सुमारे पन्नास हजार लोक आले. स्फोटानंतर हजारो मैदानात घुसले आणि दुसरा सामना होऊच शकला नाही. त्या दिवशी तिथे प्रेक्षकांना जागा दाखवण्याचे काम करणारा कृष्णवर्णीय तरुण व्हिन्स लॉरेन्स पुढे संगीतनिर्माता झाला. लोकांनी आणलेल्या पुष्कळ तबकड्या डिस्कोच्या नव्हत्याच, त्या नुसत्याच कृष्णवर्णीय कलावंतांच्या होत्या, असे त्याने नंतर सांगितले आहे.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये अभ्यासक रिचर्ड डायर यांनी ‘गे लेफ्ट’ या नियतकालिकात डिस्कोच्या बचावाचा निबंध लिहिला. भांडवलशाहीने विकलेली वस्तू म्हणून डाव्यांनी हे संगीत झिडकारू नये. ती वस्तू माणसे कशी वापरतात ते पाहावे, असा त्यांचा मुद्दा. शृंगार, स्वप्नाळूपणा आणि भौतिकता ही डिस्कोची तीन वैशिष्ट्ये त्यांनी सांगितली. मला हा निबंध मोलाचा वाटतो, पण त्यात चर्चमधून आलेल्या आवाजाला पुरेशी जागा नाही. डायर यांचा भर शरीरावर आणि स्वप्नावर आहे. या गाण्यांत तिसरे काहीतरी आहे : उत्तर मिळेल याची खात्री नसताना हाक मारत राहणे. नाचघर रिकामे होऊ लागले तेव्हा तेच कामी आले.

बाजारातून डिस्को हे नाव १९८० च्या सुमारास पुसले गेले. संगीत मात्र राहिले. शिकागोतच, ‘वेअरहाउस’ या क्लबात फ्रँकी नकल्स जुन्या सोल-डिस्कोच्या तबकड्या कापून जोडत राहिले आणि त्या क्लबाच्या नावावरून ‘हाउस’ हा प्रकार ओळखला जाऊ लागला. ‘शिक’ या गटाच्या ‘गुड टाइम्स’चा ठेका १९७९ मध्येच ‘रॅपर्स डिलाइट’ने उचलला. पण हा टिकाव रचनेच्या सुट्या भागांचा झाला. विनवणीचे काय झाले, हे पाहायला तिसऱ्या अवताराकडे वळावे लागते.

६

५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिक अहवालात लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुण समलिंगी पुरुषांना झालेल्या एका दुर्मीळ न्यूमोनियाची नोंद छापली गेली. एड्सची ती पहिली अधिकृत नोंद. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत, ज्यांनी ही गाणी आधी डोक्यावर घेतली होती, त्या मंडळींतली फार मोठी संख्या गेली. गायक सिल्व्हेस्टर हे त्यांच्यातले एक. लहानपणी पेंटेकोस्टल चर्चमध्ये गाणारे, पुढे डिस्कोचा सर्वांत उत्कट आवाज ठरलेले सिल्व्हेस्टर डिसेंबर १९८८ मध्ये गेले. आपल्या गाण्यांचे मानधन त्यांनी एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या संस्थांच्या नावे करून ठेवले होते.

या काळाच्या मधोमध, १९८६ मध्ये, ‘द कम्युनार्ड्स’ या ब्रिटिश जोडीने ‘डोन्ट लीव्ह मी धिस वे’ तिसऱ्यांदा गायिले. जिमी सॉमरव्हिल गायक, रिचर्ड कोल्स वादक. दोघेही उघडपणे समलिंगी. त्या वर्षी ब्रिटनमध्ये सर्वाधिक खपलेले सिंगल हेच. वेग वाढलेला, ठेका यंत्राचा. वर म्हटलेल्या माणसाच्या हाताचा इथे पत्ता नाही, आणि माझ्या विवेचनाला ही अडचण आहे, हे कबूल केले पाहिजे. पण उणीव आवाजांनी भरून काढली आहे. सॉमरव्हिल यांचा आवाज पुरुषाचा असून टिपेला जाणारा. सोबत गाणाऱ्या सारा जेन मॉरिस यांचा स्त्रीचा असून खर्जातला. कोण कुणाला विनवते आहे, याची नेहमीची मांडणी इथे पार उलटली. मूळ गाण्याने मोकळी सोडलेली जागा आता उघडपणे वापरली गेली.

आणि शब्द तेच असताना अर्थ कुठल्या कुठे गेला. १९७५ मध्ये जाणारा दाराबाहेर चालला होता. १९८६ मध्ये तो रुग्णालयातल्या खाटेवर होता. ‘जाऊ नकोस’ हे वाक्य प्रेयसीच्या तोंडून निघून सोबत्यांच्या, मित्रांच्या तोंडी आले. हा अर्थ मी ओढून आणलेला नाही. १९९४ मध्ये कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनात एड्सच्या काळातील कलेचे मोठे प्रदर्शन भरले, त्याला नाव दिले होते ते याच गाण्याचे.

शोक करायला माणसांजवळ विलापगीते नव्हती असे नाही. मग नाचाचे गाणे का निवडले गेले? मला वाटते, ज्याच्यासाठी शोक करायचा तो माणूस याच ठेक्यावर शेजारी नाचला होता, म्हणून. विलापगीतात मेलेल्याची आठवण असते. या गाण्यात तो ज्या जागी उभा होता ती जागा असते, आणि तिथे आता दुसरे कुणीतरी नाचत असते.

७

तिन्ही अवतारांकडे एकत्र पाहिले तर एक विलक्षण साखळी दिसते. पहिला गायक बालपणी धर्मोपदेशक होता. दुसरी गायिका भजनी गटातून आली. आणि तिसऱ्या अवतारातले वादक रिचर्ड कोल्स पुढे चर्च ऑफ इंग्लंडचे धर्मगुरू झाले. चर्चमधून निघालेली हाक नाचघरातून फिरून पुन्हा चर्चच्या दाराशी आली. पेंडरग्रास यांचेही पुढचे आयुष्य ठाऊक असावे : मार्च १९८२ मध्ये मोटार अपघातात त्यांचे शरीर लुळे पडले, आणि १९८५ मध्ये फिलाडेल्फियातच ‘लाइव्ह एड’च्या मंचावर चाकाच्या खुर्चीतून ते पुन्हा गायिले.

हिंदी चित्रपटाने डिस्को घेतले तेव्हा ठेका घेतला, दिवे घेतले. तो आवाज घेता येण्याजोगा नव्हता. त्यामागचे चर्च, त्यामागचा इतिहास आपला नव्हता. यात कमीपणा काही नाही. नाझिया हसनच्या थंड, अलिप्त आवाजाची जादू वेगळी आणि तिच्या जागी पुरेशी आहे. पण तेवढ्यावरून मूळ प्रकाराचा निवाडा करण्यात आपण चाळीस वर्षे घालवली.

ज्यांना उत्सुकता वाटेल त्यांनी ही तीन गाणी एका बैठकीत, याच क्रमाने ऐकावीत. एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. पेंडरग्रास आणि ह्यूस्टन यांच्या तबकड्यांवर गाणे संपत नाही. गायक विनवत असतानाच आवाज हळूहळू बारीक होत जातो. समोरच्याने ऐकले की नाही, तो थांबला की गेला, हे आपल्याला कधीच कळत नाही. घरी ऐकताना इथे शांतता पसरते. नाचघरात मात्र ती पसरू द्यायची नसते. आवाज विरण्याआधीच डीजे दुसरी तबकडी त्याच ठेक्यात मिसळतो, आणि ज्याची त्याची विनवणी तशीच अनुत्तरित ठेवून माणसे नाचत राहतात.